ऑर्किडला रोज फवारा? कळ्या आणि कोंब त्यानेच कुजतात

"ऑर्किड जंगलातलं झाड, त्याला दमट हवा लागते, म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांवर, कळ्यांवर फवारा मारा." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दमट हवेचं खरं आहे, फवाऱ्याचं नाही.

फवाऱ्याने हवा काही मिनिटंच दमट राहते. पाणी मात्र पानांच्या बेचक्यात आणि कळ्यांच्या देठाशी साचतं. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला वाढीचा कोंब एकच, अगदी मधोमध. जंगलात ते झाडाच्या खोडावर तिरकं, पानं खाली लोंबत वाढतं, पाऊस निथळून जातो. कुंडीत आपण ते सरळ उभं लावतो आणि मधोमध पेला तयार होतो. तिथे रात्रभर पाणी राहिलं की बुरशी नाहीतर जिवाणू शिरतात. मधलं पान बुडाशी काळपट, पिचपिचीत होतं, हलकं ओढलं तरी हातात येतं. ओल्या कळ्यांवर तपकिरी ठिपके पडतात, मग राखाडी बुरशी.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर फवारा पूर्ण बंदच ठेवा.

पाणी सकाळी, फक्त कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या साल-कोळशावर घाला. बेचक्यात गेलंच तर टिश्यूची वळी करून टिपून घ्या. कुंडी थोडी कलती ठेवा. वारा खेळता हवा. हवा कोरडी असेल तर ताटलीत खडे आणि पाणी घालून कुंडी खड्यांवर ठेवा. कुंडीचा तळ पाण्याला टेकू नये.

कुजलेला भाग स्वच्छ पात्याने कापा. दालचिनीची पूड कापलेल्या जागीच लावा, मुळांना लागली तर ती सुकतात. कोंब गेला तरी झाड लगेच फेकू नका. मुळं टणक असतील तर बुडाशी नवं रोप फुटू शकतं.