कर्नल सँडर्स: पासष्टीच्या आधीची पंचवीस वर्षं

व्यवसाय मार्गदर्शनाच्या भाषणांत आणि भल्या सकाळी फोनवर येणाऱ्या निरोपांत एक गोष्ट हमखास भेटते. पासष्ट वर्षांचा एक कफल्लक अमेरिकन गृहस्थ, हातात १०५ डॉलरचा पेन्शनचा चेक आणि डोक्यात चिकनची एक पाककृती. तो दारोदार फिरतो, १००९ वेळा नकार ऐकतो आणि पुढच्याच दारात त्याचं नशीब उघडतं. हे गृहस्थ म्हणजे केएफसीच्या लाल-पांढऱ्या डब्यावरचे हार्लंड सँडर्स. भारतात केएफसीचं पहिलं दुकान जून १९९५ मध्ये बंगळुरूला सुरू झालं, तेव्हा त्यांना जाऊन साडेचौदा वर्षं झाली होती. त्यामुळे आपल्याकडे ते पोहोचले ते डब्यावरचं चित्र आणि ही गोष्ट एवढ्याच रूपात.

यातली पेन्शन खरी आहे. दारोदार फिरणंही खरं आहे. १००९ या आकड्याला मात्र कागदोपत्री आधार नाही. त्याहून मोठी गफलत क्रमाची आहे. पहिला होकार नकारांच्या रांगेनंतर आलाच नव्हता. तो १९५२ मध्ये, म्हणजे पेन्शन सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधी मिळाला होता. या गोष्टीतून केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावची पंचवीस वर्षं साफ गळून जातात, आणि सँडर्स यांची चिकाटी नेमकी कशावर उभी होती हे तिथेच कळतं.

त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० चा, इंडियाना राज्यातल्या हेन्रीव्हिलजवळचा. ते पाच वर्षांचे असताना वडील वारले. आई टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली आणि धाकट्या भावंडांचं जेवण या मुलाकडे आलं. सातव्या वर्षी तो पाव आणि भाज्या बऱ्यापैकी करत होता. आईने दुसरं लग्न केल्यावर सावत्र वडिलांशी पटेना. शाळा सातवीच्या आतच सुटली आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याने घर सोडलं.

पुढची पंचवीसेक वर्षं म्हणजे नोकऱ्यांची लांबलचक यादी. शेतमजुरी, ट्रामवर कंडक्टर, वय खोटं सांगून मिळवलेली आणि काही महिन्यांतच संपलेली सैन्यातली नोकरी, रेल्वेच्या इंजिनात कोळसा ओढणं. टपालाने कायदा शिकून लिटल रॉकच्या छोट्या न्यायालयात वकिली केली, ती स्वतःच्याच अशिलाशी कोर्टात झालेल्या मारामारीमुळे बंद पडली. मग विमा विकला. १९२० च्या सुमारास ओहायो नदीवर प्रवासी बोटीची कंपनी काढली. ती चांगली चालली. त्यातले पैसे ॲसिटिलीनच्या दिव्यांच्या धंद्यात घातले, तोच विजेचे दिवे आले आणि पैसे बुडाले. त्यानंतर टायर विकले, पेट्रोल पंप चालवला. १९३० मध्ये महामंदीने तोही बंद केला. या यादीतून लोक जिद्द काढतात. मला त्यात तापट, अस्वस्थ आणि कुठल्याही कामाला कमी न मानणारा माणूस दिसतो. अजून त्याला आपलं काम सापडलेलं नव्हतं.

ते सापडलं कॉर्बिनला. शेल कंपनीने तिथला एक पंप त्यांना बिनभाड्याने दिला. विक्रीतला ठरावीक हिस्सा द्यायचा, एवढीच अट. पंप यूएस २५ या रस्त्यावर होता. उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांतून फ्लोरिडाकडे निघालेल्या मोटारी याच रस्त्याने जायच्या. परिसर इतका दांडगाईचा, की १९३१ मध्ये रस्त्यावरच्या जाहिरात फलकावरून शेजारच्या पंपवाल्याशी झालेल्या भांडणात गोळीबार झाला आणि शेलचा एक अधिकारी मारला गेला. थांबणारे प्रवासी जेवायला कुठे मिळेल म्हणून विचारायचे. सँडर्स यांनी राहत्या खोलीतलं सहा जणांचं जेवणाचं टेबल त्यांच्यासाठी मांडलं. तळलेलं चिकन, हॅम, बिस्किटं (म्हणजे तिकडचे मऊ, छोटे पाव), भाज्या, असं घरचंच जेवण. पंपापेक्षा टेबलाचं नाव मोठं होत गेलं. १९३५ मध्ये राज्यपाल रूबी लफून यांनी त्यांना ‘केंटकी कर्नल’ ही मानाची पदवी दिली. तिचा सैन्याशी काही संबंध नाही. ज्यांनी राज्याचं नाव वाढवलं त्यांना ती मिळते. १९३९ मध्ये डंकन हाइन्स यांच्या मोटारप्रवाशांसाठीच्या मार्गदर्शिकेतही त्यांच्या खाणावळीची नोंद झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सगळं आगीत खाक झालं. त्यांनी ते पुन्हा उभं केलं, या वेळी मोटेलसह १४० जण बसतील एवढं मोठं. कुटुंबाने मुक्काम कुठे करायचा हे बायका ठरवतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून मोटेलची एक नमुन्याची खोली त्यांनी रेस्टॉरंटच्या आतच बांधून ठेवली होती. जेवायला आलेल्या बाईला स्वच्छ पलंग आणि न्हाणीघर आपोआप दिसावं, हा हेतू. ही खोली मला त्यांच्या चिकनच्या अकरा मसाल्यांच्या गाजलेल्या गुपितापेक्षा जास्त बोलकी वाटते.

चिकनमध्ये मात्र एक अडचण होती. लोखंडी तव्यात तळायला अर्धा तास लागे आणि घाईतला प्रवासी तेवढा थांबत नसे. आधी तळून ठेवलं तर उरलेलं फेकावं लागे. भरपूर तेलात ते लवकर व्हायचं, पण त्याची चव त्यांना पसंत नव्हती. १९३९ च्या आसपास बाजारात आलेला प्रेशर कुकर त्यांनी घेतला आणि त्यात तेलाखाली, दाबाखाली चिकन तळून पाहायला सुरुवात केली. तेलाचं प्रमाण, दाब, वेळ हे सगळं पुन्हा पुन्हा बदलून त्यांनी आठ-नऊ मिनिटांत आतून रसदार आणि बाहेरून खमंग चिकन काढलं. (आपल्या घरचा कुकर पाण्याच्या वाफेसाठी असतो. त्यात तेल तापवणं जिवावर बेतू शकतं, हे इथे सांगितलंच पाहिजे.) अकरा मसाल्यांचं मिश्रण १९४० मध्ये पक्कं झालं. जगाला मसाला आठवतो, पण पुढच्या सगळ्या धंद्याचा पाया ही तळण्याची रीत होती. रीत शिकवता येते, आणि शिकवता येते म्हणूनच ती दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या हातून तशीच उतरते.

हे पहिल्यांदा सिद्ध केलं यूटा राज्यातल्या पीट हार्मन यांनी. सॉल्ट लेक सिटीजवळ त्यांचं रेस्टॉरंट होतं. १९५२ मध्ये सँडर्स यांनी त्यांच्या स्वयंपाकघरात स्वतः चिकन करून खाऊ घातलं आणि हार्मन पहिले फ्रँचायझीधारक, म्हणजे मोबदला देऊन त्यांची रीत आपल्या दुकानात वापरणारे, झाले. ‘केंटकी फ्राइड चिकन’ हे नाव हार्मन यांच्यासाठी पाट्या रंगवणाऱ्या डॉन अँडरसन यांनी सुचवलं. वर्षभरात हार्मन यांची विक्री तिपटीच्या घरात गेली. १९५७ मध्ये घरी न्यायची कागदी बादली आली, तीही त्यांच्याकडूनच. प्रेरणेच्या गोष्टीत एकच नायक लागतो म्हणून हार्मन यांचं नाव मागे पडलं. मला तो अन्याय वाटतो.

मग रस्ता हलला. अमेरिकेत नव्या महामार्गांचं जाळं विणलं जात होतं आणि इंटरस्टेट ७५ कॉर्बिनपासून काही मैल दूरून जाणार हे ठरलं. ज्या जागेला काही वर्षांपूर्वी १,६४,००० डॉलर देऊ केले गेले होते आणि सँडर्स यांनी ते नाकारले होते, ती १९५६ मध्ये लिलावात ७५,००० डॉलरला गेली. देणी भागवल्यावर हातात उरली थोडी बचत आणि महिना १०५ डॉलरची पेन्शन. स्वयंपाक बिघडला नव्हता, गिऱ्हाईक नाराज नव्हतं, तरीही धंदा संपला. आपल्याकडे चौपदरी रस्ता किंवा बायपास झाल्यावर जुन्या घाटरस्त्यांवरच्या हॉटेलवाल्यांनी हेच भोगलं आहे, त्यामुळे ते मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

त्यानंतर ते गाडीत कुकर आणि मसाल्याच्या पुड्या घालून निघाले. एखाद्या रेस्टॉरंटमध्ये जायचं, मालकाला आणि नोकरमाणसांना चिकन करून खिलवायचं, आवडलं तर काही दिवस तिथेच राहून गिऱ्हाइकांना वाढायचं. करार तोंडी, हातात हात देऊन. विकलेल्या प्रत्येक कोंबडीमागे चार सेंट. रात्री अनेकदा गाडीच्या मागच्या सीटवर झोप. नकार मिळालेच. पण पाठीशी पाव शतकाचा अनुभव, ठरलेली रीत आणि यूटामधल्या विक्रीचा दाखला होता. घरी त्यांच्या दुसऱ्या पत्नी क्लॉडिया मसाला मिसळायच्या, पाकिटं भरायच्या आणि रवाना करायच्या. पांढरा सूट, काळा रिबनसारखा टाय आणि केसांना शोभावी म्हणून पांढरी करून घेतलेली दाढी, हा वेषही याच दशकात पक्का झाला.

१९६४ पर्यंत सहाशेहून अधिक ठिकाणी त्यांचं चिकन मिळू लागलं होतं. मसाला, हिशेब, तक्रारी यांचा पसारा आता एका म्हाताऱ्या जोडप्याच्या आवाक्याबाहेर गेला होता. त्यांनी कंपनी जॉन वाय. ब्राउन आणि जॅक मॅसी यांना २० लाख डॉलरला विकली. कॅनडातला व्यवसाय स्वतःकडे ठेवला आणि कंपनीचा चेहरा म्हणून पगार घेतला. सात वर्षांनी, १९७१ मध्ये, हीच कंपनी ह्यूब्लाइन या मद्य आणि खाद्यपदार्थांच्या उद्योगाने २८.५ कोटी डॉलरला घेतली.

पैशापेक्षा त्यांना सलत होती ती ग्रेव्ही. त्यांची मूळ ग्रेव्ही वेळखाऊ होती, शेकडो दुकानांच्या सोयीसाठी ती सोपी करण्यात आली. ते न कळवता दुकानांत जायचे, चमचाभर चाखायचे आणि तिथल्या तिथे संतापायचे. क्लॉडिया यांच्या नावाने शेल्बीव्हिलला काढलेल्या रेस्टॉरंटवरून कंपनीशी कोर्टबाजी झाली, ती दहा लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटली. तरीही ते गप्प बसले नाहीत. लुइव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’ या दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले की पाण्यात पीठ आणि स्टार्च कालवून हे लोक भिंतीला कागद चिकटवायची खळ तयार करतात. ज्या कंपनीकडून पगार येत होता तिच्याबद्दल, स्वतःचं चित्र असलेल्या पाटीखाली मिळणाऱ्या पदार्थाबद्दल ते हे बोलत होते. बोलिंग ग्रीन गावच्या फ्रँचायझीधारकाने बदनामीचा दावा लावला. तो केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये फेटाळला गेला. सँडर्स यांचा रोख एका विशिष्ट दुकानावर नव्हता, सगळ्या कंपनीच्या ग्रेव्हीवर होता, असं न्यायालयाने धरलं.