पकडलेल्या चाच्यांचे पुढे काय?

मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली आणि त्यांना यलो गेट पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ‘रुएन’ नावाचे मालवाहू जहाज पळवले होते. सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर, नौदलाच्या मार्कोस कमांडोंना विमानातून समुद्रात उतरवून, जहाजावरच्या सर्व १७ खलाशांना सुखरूप सोडवण्यात आले. नौदलाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण मला त्या बातमीतली शेवटची ओळ अधिक मोलाची वाटली: या चाच्यांवर खटला भरायला आता आपल्याकडे स्वतंत्र कायदा आहे. तो मिळवायला दोन दशकांहून अधिक काळ लागला, आणि त्या प्रवासातले बरेचसे धडे मुंबईच्याच न्यायालयांत शिकावे लागले.

सुरुवात ऑक्टोबर १९९९ मधली. इंडोनेशियातून सुमारे ७,००० टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज चाच्यांनी ताब्यात घेतले. १७ खलाशांना नंतर तराफ्यावर सोडून दिले. मासेमारी बोटीने उचलले म्हणून ते वाचले. चाच्यांनी जहाजाला नवा रंग दिला, ‘मेगा रामा’ असे नाव रंगवले आणि बेलीझचा झेंडा लावला. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने वर्णन सर्वत्र कळवले होते. बेलीझने असे जहाज आपल्याकडे नोंदलेलेच नाही असे सांगितल्यावर संशय पक्का झाला. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने आणि नौदलाच्या ‘आयएनएस प्रहार’ने अरबी समुद्रात त्याचा पाठलाग केला. चाच्यांनी जहाज पेटवून बुडवण्याचाही प्रयत्न केला, पण ते वाचले आणि मुंबईला आणले गेले. मोगलांशी झुंजलेल्या महाराणीचे नाव धारण करणाऱ्या गस्ती जहाजाने ही कामगिरी केली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

न्यायालयात मात्र अडचण उभी राहिली. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. आरोपी इंडोनेशियाचे, जहाज पनामात नोंदलेले, गुन्हा घडला दूरच्या समुद्रात. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली, पण २००५ मध्ये उच्च न्यायालयात सगळे निर्दोष सुटले. पकडणे जमले, शिक्षा टिकली नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा तेव्हा होता, हे इथे लक्षात घ्यायला हवे. १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम १०५ सांगते की खुल्या समुद्रात चाच्यांचे जहाज कोणताही देश पकडू शकतो आणि त्याची न्यायालये शिक्षा ठरवू शकतात. भारताने हा करार १९९५ मध्ये मान्य केला. पण ‘शकतात’ आणि ‘करतात’ यांच्या मधली जागा देशाच्या स्वतःच्या कायद्याने भरायची असते. याच करारात चाचेगिरीची व्याख्या ‘खासगी हेतूने’ केलेले कृत्य अशी आहे. मराठी माणसाला हा शब्द लगेच कळावा. सरखेल कान्होजी आंग्रे छत्रपतींच्या सत्तेखाली दस्तके, म्हणजे समुद्रात फिरण्याचे परवाने, देत आणि दस्तकाविना जाणारी जहाजे अडवत. इंग्रज मात्र त्यांना चाचाच म्हणत राहिले.

सोमालियात १९९१ साली सियाद बारे यांची राजवट कोसळली. किनाऱ्याला रखवालदार उरला नाही आणि परदेशी ट्रॉलर तिथली मासळी बेकायदा ओरबाडू लागले. तिथल्या मच्छीमारांचा राग खरा होता. पण पुढे खंडणीचा धंदा उभा राहिला, त्यात पैसा गुंतवणारे किनाऱ्यावर सुरक्षित बसले आणि बोटीवर गरिबांची पोरे गेली. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २००५ ते २०१२ या काळात १७९ जहाजे पळवली गेली आणि ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी दिली गेली. सप्टेंबर २००८ मध्ये ‘स्टोल्ट व्हेलर’ पळवले गेले, त्यावर १८ भारतीय होते. त्यांच्या घरच्यांनी दिल्लीपर्यंत आवाज उठवला. ऑक्टोबर २००८ पासून भारतीय नौदल एडनच्या आखातात कायमचे तैनात झाले. युरोपीय संघाची ‘अटालांटा’ मोहीम त्याच डिसेंबरात आली.

नौदले आली तरी पकडलेल्यांचे करायचे काय, हा प्रश्न सगळ्यांचाच होता. अनेक देश शस्त्रे समुद्रात फेकून चाच्यांना परत किनाऱ्यावर सोडत. काहींनी केनियाशी करार करून खटले तिथे पाठवले. भारताने वेगळी वाट धरली. २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत ‘प्रांतलय १४’, ‘प्रांतलय ११’, ‘वेगा ५’ यांसारख्या, चाच्यांनी मुख्य तळ म्हणून वापरलेल्या बोटी लक्षद्वीपच्या परिसरात आणि अरबी समुद्रात पकडून १२० चाचे मुंबईला आणले. कायदा तोच जुना, त्यामुळे खुनाचा प्रयत्न, शस्त्रास्त्र कायदा अशी कलमे लावावी लागली. पहिल्या तुकडीतल्या १५ जणांना शिक्षा झाली २०१७ मध्ये: सात वर्षे, आणि तोवर सहाहून अधिक वर्षे त्यांनी कोठडीतच काढली होती.

याची किंमत कोणी मोजली? ‘अस्फाल्ट व्हेंचर’वरच्या सात भारतीयांनी. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी जहाज सोडले, पण या सात जणांना ठेवून घेतले आणि बदल्यात मुंबईतले आपले साथीदार मागितले. भारताने अदलाबदल केली नाही. ती करू नये, असेच माझेही मत आहे. तरीही ते सात जण ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले हे विसरून त्या ठामपणाचे गोडवे गाणे मला जमत नाही.

जहाज कंपन्यांनी या काळात बरेच शिकून घेतले. काटेरी तारांची वेटोळी, पाण्याचे फवारे, ताशी १८ सागरी मैलांहून अधिक वेग, आणि ‘सिटाडेल’ म्हणजे खलाशांनी आतून बंद करून घ्यायची मजबूत खोली. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वरचे २१ जण, त्यांत १५ भारतीय, अशाच खोलीत थांबल्यामुळे वाचले. सशस्त्र रक्षकांचाही उपयोग झाला. पण बंदूक हाती आली की मच्छीमारही चाचा दिसू लागतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एनरिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले. तेव्हा विमा आणि जहाज उद्योगाने ‘अतिधोक्याचा पट्टा’ ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत, म्हणजे थेट आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, ओढला होता. तो २०१५ मध्ये मागे घेतला गेला, पण तोवर मोठी जहाजे किनाऱ्याला चिकटून जात आणि मच्छीमारांची जाळी तोडत.

चाचेगिरीविरोधी कायद्याचे २०१२ चे विधेयक संसदेत लोंबकळून रद्द झाले. दुसरे डिसेंबर २०१९ मध्ये मांडले गेले, डिसेंबर २०२२ मध्ये संमत झाले आणि २०२३ मध्ये लागू झाले. जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि चाचेगिरीत कोणाचा जीव गेला तर फाशीचीही तरतूद. दरम्यान, सोमाली हद्दीत कारवाईला मुभा देणारा सुरक्षा परिषदेचा ठराव मार्च २०२२ मध्ये संपला होता. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे नौदलांचे लक्ष तांबड्या समुद्राकडे वळले, आणि ‘रुएन’ पळवले गेले ते याच काळात.

अजून एक कलम खलाशांसाठी लाखमोलाचे आहे. ‘आइसबर्ग १’वरचे खलाशी मालकाने वाऱ्यावर सोडल्याने पावणेतीन वर्षे चाच्यांच्या ताब्यात राहिले. अशा प्रकरणांनंतर सागरी कामगार करारात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि डिसेंबर २०२० पासून ती अमलात आली: कैदेत असेपर्यंत करार संपत नाही, पगार चालूच राहतो आणि घरी पैसे पाठवणेही थांबत नाही. रत्नागिरी, रायगडच्या ज्या घरांतून मुलगा जहाजावर जातो, तिथे साइन ऑन करण्यापूर्वी, म्हणजे जहाजावर रुजू होण्यापूर्वी, करारातला हा मजकूर एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.