पातेऱ्यातला गोचीड आणि लाइमचा रिपोर्ट

माघ सरता सरता दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या बायका पातेरा, म्हणजे गळलेला सुका पालापाचोळा, गोळा करायला रानात शिरतात. भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पातेरा हवा, गोठ्यात गुरांखाली अंथरायलाही हवा. पाठोपाठ काजूचा हंगाम. बोंडं गळून पडलेली असतात आणि बिया वेचायला दिवसभर झाडाखाली वाकायचं असतं. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत त्याच पातेऱ्यात माकडताप पसरवणाऱ्या हिमाफायसॅलिस जातीच्या गोचिडांची पिल्लं बसलेली असतात. म्हशीच्या कानात टम्म फुगलेला गोचीड आपण सगळ्यांनी पाहिलाय. हा तो नव्हे. हा जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा असतो. चावला तरी कळत नाही, कारण त्याच्या लाळेतच वेदना आणि खाज दाबणारी द्रव्यं असतात. म्हणून तर “गोचीड चावला होता का?” या प्रश्नाला पेशंट अगदी खरेपणाने “नाही” म्हणतो. माझ्या मते हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. गेल्या आठवड्या-दीड आठवड्यात रानात गेला होतात का, वाडीच्या आसपास माकड मेलंय का, हे विचारलं तर काहीतरी हाती लागतं.

माकडतापाचा विषाणू सापडला 1957 मध्ये, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात. तिथे वानरं आणि माकडं पटापट मरू लागली, तेव्हा आधी शंका आली ती पीतज्वराची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही), वेगळाच विषाणू शोधून काढला. कित्येक वर्षं हा आजार कर्नाटकापुरता राहिला. मग 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात तो उघड झाला. पुढच्याच वर्षी बांद्याच्या बाजूला. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि तेवढा रानाचा तुकडा धोक्याचा होतो. गुरं हा विषाणू पसरवत नाहीत, पण मोठ्या झालेल्या गोचिडांना पोसतात ती गुरंच. माणसापासून माणसाला मात्र हा ताप होत नाही.

चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत ताप एकदम चढतो. कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या धरतात, डोळे लाल होतात. रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही खाली येतात. प्लेटलेट्स खाली दिसल्या की आपल्याकडे डेंगीचं नाव आधी निघतं, सोबत टायफॉइडची विडाल चाचणी आणि मलेरियाही तपासून होतं. पण ऐन मार्चमध्ये, पाऊस संपून पाच महिने झालेले असताना, काजूच्या बागेतून आलेल्या माणसाला डेंगीच असेल असं गृहीत का धरावं?

पुढची अडचण तारखेची. विषाणू रक्तात सापडतो तो आजाराच्या पहिल्या आठवडा-दहा दिवसांत, आणि तोही त्याचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत. त्याच्याविरुद्ध शरीर आधी तयार करतं ती आयजीएम प्रतिपिंडं दिसू लागतात साधारण पाचव्या दिवसानंतर आणि पुढे तीनेक महिने टिकतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रतिपिंडांची चाचणी केली तर ती निगेटिव्ह येणारच, आणि तिसऱ्या आठवड्यात पीसीआर केली तर तीही निगेटिव्ह. दोन्ही रिपोर्ट बरोबर, पेशंटला माकडताप असूनही! म्हणून नमुन्यासोबतच्या कागदावर ताप कधी सुरू झाला ती तारीख लिहिलेली नसेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही.

या तापावर विषाणू मारणारं औषध नाही. सलाइन, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष एवढंच हातात असतं. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. दहा ते वीस टक्क्यांना तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला ताप उलटतो, आणि या खेपेला हातांना कंप, नजरेला अंधारी, बोलण्यात गोंधळ अशी मेंदूची लक्षणं घेऊन येतो. उरलेले बरे होतात, पण सावकाश. “ताप गेलो, पण अंगात ताकदच रवली नाय,” ही तक्रार आठवडे, कधी महिनेही चालते. चिकनगुनियाने गुडघे धरलेली माणसं घरोघरी पाहिलेल्या कोकणाला हे नवीन नाही. तरी घरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता मनाचं असेल. हे बोलणं मला पटत नाही. विषाणू गेल्यावरही शरीराने उठवलेला दाह आणि स्नायूंची झीज भरून यायला वेळ लागतो, आणि तो त्रास रक्ताच्या साध्या रिपोर्टात दिसत नाही.

असा माणूस मग मोबाइलवर लक्षणं शोधतो. थकवा, सांधेदुखी, झोप नाही, गोचीड. उत्तर येतं: लाइम, गोचिडातून होणारा एक जिवाणूंचा आजार. मुंबईच्या एखाद्या लॅबमधून हजारो रुपयांचं पॅनल, म्हणजे एकत्र अनेक चाचण्या, होतं आणि त्यात लाइम पॉझिटिव्ह निघतं.

लाइम हे मुळात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या गावाचं नाव. 1975 च्या सुमारास तिथल्या मुलांमध्ये सांधे सुजण्याचं प्रमाण विचित्र वाढलेलं दिसलं. पुढे शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना गोचिडात मळसूत्रासारखे जिवाणू सापडले आणि त्यांचंच नाव जिवाणूला मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी. आपल्या ओळखीच्या लेप्टो तापाच्या जिवाणूचा हा लांबचा भाऊबंद. तो पसरवणारे इक्सोडिस गोचीड थंड, दमट जंगलांतले. भारतात लाइमच्या तुरळक नोंदी आहेत, कोकणच्या तापाचं ते नेहमीचं कारण नाही.

आता थोडं गणित करू. समजा, अशा थकलेल्या हजार कोकणवासीयांची तपासणी केली आणि त्यातल्या एकालाच खरोखर लाइम आहे. चाचणी चांगली आहे, लाइम नसलेल्या शंभरातल्या फक्त दोघांना ती चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तरीही वीस जणांच्या हाती खोटा रिपोर्ट येईल आणि एकाच्या हाती खरा. लॅबने काही चुकीचं केलेलं नाही. विचारायला नको तिथे प्रश्न विचारला गेला. म्हणूनच लाइमसाठी आधी एलायझा ही प्रतिपिंडांची चाचणी आणि ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तर दुसरी, बहुधा वेस्टर्न ब्लॉट, अशी दोन पायऱ्यांची पद्धत आहे. त्यातही प्रतिपिंडं बरं झाल्यावर वर्षानुवर्षं राहू शकतात, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे जिवाणू आत जिवंत आहे असं होत नाही.

खरा लाइम झालेल्या, दोन-चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या लोकांपैकीही पाच ते दहा टक्क्यांना थकवा, अंगदुखी, विसराळूपणा सहा महिन्यांहून जास्त छळतो. त्यांच्यावर अँटिबायोटिक्स लांबवून पाहिली गेली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात नव्वद दिवस औषध दिलं. 2016 च्या डच अभ्यासात सगळ्यांना दोन आठवडे इंजेक्शन, त्यावर काहींना बारा आठवडे गोळ्या आणि काहींना खोट्या गोळ्या. खऱ्या गोळ्या घेणारे खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त बरे झाले नाहीत. त्रास खरा, पण महिनोन्महिने सलाइनमधून अँटिबायोटिक हा त्यावरचा इलाज नव्हे, आणि त्यासाठी दागिने मोडायची तर मुळीच गरज नाही.

डॉक्सिसायक्लिनची खरी घाई दुसरीकडे असते. कुत्र्यावरच्या गोचिडामुळे होणाऱ्या टिक टायफसमध्ये ताप येतो आणि पुरळ तळहात-तळपायांवरही उठतो. तिथे रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं, डॉक्टर संशयावरच औषध सुरू करतात. विडाल-छापाची जुनी वेल-फेलिक्स चाचणी त्यात बरेचदा दगा देते.

आणि कोकणातल्या डॉक्टरांनी लाइम पूर्ण विसरावा असंही नाही. रत्नागिरीचे आजी-आजोबा मे-जूनमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला जातात, घरामागच्या झाडीत नातवंडांबरोबर फिरतात. परत आल्यावर काही महिन्यांनी आजोबांचा एकच गुडघा सुजतो, किंवा आजींचं तोंड वाकडं होतं. तिकडे उन्हाळ्यात अंगावर मधे फिकट, कडेने लाल, पसरत गेलेला चट्टा उठला होता का, हे तेव्हा विचारायला हवं. समजा अशा हजार जणांत शंभरांना खरा लाइम असेल, तर त्याच चाचणीचे खोटे रिपोर्ट अठराच निघतात.