लांगूलचालन

लांगूलचालन म्हणजे शब्दशः शेपूट हलवणे. वरिष्ठाकडून, धन्याकडून किंवा सत्ताधाऱ्याकडून काही पदरात पडावे म्हणून स्वाभिमान गुंडाळून केलेल्या खुशामतीला मराठीत हा संस्कृत शब्द वापरतात. नुसत्या स्तुतीला मराठी नावे ठेवत नाही. स्तुतीत लाचारी शिरली की मात्र तिचे शब्द बोचरे होतात, आणि त्यांतले बहुतेक जिभेपेक्षा शरीराच्या वाकण्यावर बोट ठेवतात.

या शब्दाचे सर्वांत परिचित स्थान भर्तृहरीच्या नीतिशतकात आहे. सतराव्या शतकात वामन पंडितांनी नीतिशतक मराठीत आणले. ‘लाङ्गूलचालनमधश्चरणावपातम्’ अशी सुरुवात असलेल्या श्लोकात कुत्रा घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, पायाशी लोळण घेतो, उताणा पडून तोंड आणि पोट दाखवतो. गजराज मात्र धीरगंभीरपणे पाहत राहतो आणि ‘चाटुशतैः’, म्हणजे शेकडो आर्जवे झाल्यावरच खातो. दोघांनाही अन्न दुसराच देतो, तरी हत्तीच्या बाबतीत गोड बोलावे लागते ते देणाऱ्याला. खाणाऱ्याचा मान राखूनही घेता येते, हे चार ओळींत इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी दाखवले असेल. चाटुकार हा शब्द याच ‘चाटु’वरून आला. तो चाटण्याशी जोडण्याचा मोह होतो, पण संस्कृतात ‘चाटु’ म्हणजे गोड, प्रिय बोल. चाटणे आले ते ‘तळवे चाटणे’ या वाक्प्रचारात.

कुत्र्याची प्रतिमा घरगुती मराठीतही आहे. ‘गोंडा घोळणे’ यातला गोंडा म्हणजे शेपटीचा झुपका. लाळघोटेपणा आणि थुंकी झेलणे हे शब्द याहून जहरी. ते बोलणाऱ्याच्या मनातली किळस लपवत नाहीत.

दुसरा मोठा साठा दरबारातून आला. खुशामत हा फारसी ‘खुशामद’चा मराठी अवतार. ‘खुश’ आणि ‘आमद’ म्हणजे सुखद येणे. फारसीत पाहुण्याचे स्वागत आजही याच शब्दांनी होते. चापलुसीही फारसीतूनच आली. ‘हुजूर’ मूळ अरबी, अर्थ सान्निध्य, उपस्थिती. ज्याच्या समोर उभे राहायचे तो पुढे स्वतःच हुजूर झाला. पेशवाईत हुजूर दफ्तर, हुजूरपागा ही सरकारी नावे होती. पुण्यात 1884 मध्ये निघालेली, पागेच्या त्या जागेवरची मुलींची शाळा आजही हुजूरपागा म्हणूनच ओळखली जाते. धन्याच्या खासगी सेवेतला नोकर तो हुजऱ्या. त्याचे काम मुळात हलके नव्हते. सतत धन्याच्या डोळ्यांसमोर राहण्यातून जी सवय लागते, तिला पुढे हुजरेगिरी म्हणू लागले.

गाण्याच्या बैठकीनेही शब्द दिले. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ करत सूर धरतात. तिथे ती साथ आवश्यकच असते. सभेत किंवा कचेरीत साहेबांच्या प्रत्येक वाक्यामागे तोच सूर लागला की त्याला री ओढणे म्हणतात, आणि ओढणारा होयबा ठरतो. ‘मस्का लावणे’ हे त्यामानाने सौम्य, जवळजवळ प्रेमळ. इराणी हॉटेलांतल्या बनमस्क्यातला मस्का आणि हा एकच.

राजकारणात या शब्दांचे अर्थ सरकले. वृत्तपत्रांत ‘अमुक समाजाचे लांगूलचालन’ असे लिहिले जाते, तेव्हा शेपूट हलवणारा दुबळा नसून सत्तेतला पक्ष असतो, आणि घास म्हणजे मते. हा वापर बहुधा आरोपाचाच असल्याने तो जपून वाचायला हवा. ‘चमचा’ या शब्दाला वेगळे वजन दिले ते बहुजन समाज पक्षाचे संस्थापक कांशीराम यांनी. पुण्यात नोकरी करत असताना ते आंबेडकरी चळवळीकडे वळले होते. दलितांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा देणाऱ्या, 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात झालेल्या पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, 1982 मध्ये, त्यांनी ‘चमचा युग’ ही मांडणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचा चमचा केवळ तोंडपुजा नाही. चमचा आपणहून चालत नाही, त्याला दुसऱ्याचा हात लागतो. तसेच संयुक्त मतदारसंघांतून निवडून येणारे दलित प्रतिनिधी आपल्या समाजाऐवजी बड्या पक्षांच्या हातातले साधन बनतात, असे त्यांचे म्हणणे होते.