ब्राझीलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्यांदा वास्कोने खेळवला? नाही हो!

दर वेळी कुणीतरी ठोकून देतंच की रिओच्या वास्को द गामा क्लबने (गोव्यातलं वास्को नव्हे, नाव मात्र त्याच दर्यावर्दीचं) ब्राझीलमध्ये पहिल्यांदा कृष्णवर्णीय खेळाडू फुटबॉल टीममध्ये घेतला. ऐकायला भारी वाटतं पण खरं नाही.

रिओच्याच बांगू भागात एक कापडगिरणी होती, तिथल्या ब्रिटिश लोकांनी १९०४ मध्ये बांगू क्लब काढला आणि टीमला माणसं पुरेनात म्हणून असेल, गिरणीतले कामगारही खेळायला लागले. त्यातलाच एक विणकर फ्रान्सिस्को कारेगाल, तो १९०५ मध्येच बांगूकडून खेळला. तेव्हा वास्कोचा फुटबॉलशी संबंधच नव्हता, तो १८९८ पासून होड्या वल्हवणाऱ्यांचा क्लब! १९०७ मध्ये रिओच्या फुटबॉल लीगने कृष्णवर्णीयांवर बंदी घातली तेव्हा बांगू सरळ लीगमधून बाहेर पडला, हे कुणी सांगतच नाही.

मग वास्कोचं काय? १९२३ मध्ये कृष्णवर्णीय आणि गरीब कामगार पोरांना घेऊन त्यांनी रिओची चॅम्पियनशिप मारली, १९२४ मध्ये नवीन लीग म्हणाली १२ खेळाडू काढा, तर त्यांनी पत्र लिहून चक्क नकार दिला. ते श्रेय त्यांचंच. फक्त ‘पहिला’ म्हणू नका.