ड्राइव्ह दुरुस्त करून नेला, तरी पुन्हा का उडतो?

दुरुस्त केलेला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी, पंधरा दिवसांत परत आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येतो, तेव्हा सोबतचं वाक्य ठरलेलं असतं: "तुम्हीच केला होता, तेच झालंय." उघडून बघितलं तर बहुतेक वेळा खरंच तेच झालेलं असतं. मोटरला वीज देणारा आउटपुटचा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे आयजीबीटी, शॉर्ट. पण तो ज्यानं शॉर्ट केला, ते आमच्याकडे आलेलंच नसतं. ते तुमच्या शेडमध्ये, मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये किंवा केबलच्या एखाद्या सोललेल्या वळणावर बसलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीतल्या एका प्रोसेसचा (कापड रंगवायच्या कारखान्याचा) जिगर या रंगाईच्या मशीनवरचा १५ एचपीचा ड्राइव्ह दीड महिन्यात तीनदा आला. मोटर तपासली का विचारलं, तर वायरमन म्हणाला, "सकाळीच मेगर मारला, एकदम ओके." (मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर.) त्याचं खोटं नव्हतं. रात्रभर बंद राहिलेली थंड मोटर चांगलंच रीडिंग देत होती. तिसऱ्या वेळी ड्राइव्ह बसवायला आम्हीच गेलो. मशीन दोन तास चालू दिलं, बंद केलं, केबल ड्राइव्हवरून सोडवून गरम मोटरलाच मेगर लावला. अर्धा मेगाओहमसुद्धा नाही! टर्मिनल बॉक्स उघडला तर केबल आत शिरते तिथल्या ग्लँडच्या जागी चिंधी कोंबलेली, आत वाफेचं पाणी साचलेलं आणि वायरींच्या टोकांचे लग हिरवे पडलेले. ग्लँड आणि रिवाइंडिंग झाल्यावर तो ड्राइव्ह अजून चालतोय.

तेव्हा ड्राइव्ह काढून पाठवण्याआधी एवढं करा. मेन स्विच बंद करून दहा मिनिटं थांबा. ४१५ व्होल्टच्या लाइनवर आतल्या कपॅसिटरमध्ये साडेपाचशेच्या वर डीसी व्होल्ट साठलेले असतात आणि डिस्प्ले विझला म्हणजे ते गेले असं नसतं. डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून खात्री करा. मग मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यूच्या तिन्ही वायरी ड्राइव्हवरून सोडवा आणि केबलसकट मोटरला ५०० व्होल्टचा मेगर लावा. वायरी न सोडवता मेगर मारलात, तर धडधाकट ड्राइव्हसुद्धा जाऊ शकतो. असे ड्राइव्ह आमच्याकडे येतात, आणि ते कशानं गेले हे कुणी सांगत नाही. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर चालवूच नका. पाचच्या वर असावं, असा आमचा आग्रह. कमी आलं तर मोटरकडूनही केबल सोडवून दोन्ही वेगवेगळे बघा. टर्मिनलच्या पट्ट्या काढून फेज-फेजमध्येही बघा, कारण पट्ट्या जोडलेल्या असताना दोन फेजमधला दोष मेगरला दिसत नाही.

दोष कुणाचा, हे ओळखायची सोपी युक्तीही आहे. वायरी सोडवलेल्या असतानाच ड्राइव्ह नुसता चालवा. तरीही ओव्हरकरंट आला तर ड्राइव्ह आमच्याकडे आणा. नाही आला तर आधी मोटर रिवाइंडरकडे न्या. काही मॉडेल मोटर नसताना फेज लॉस दाखवतात, त्याला घाबरू नका.

आणि कृपा करून रिसेट मारत बसू नका. मोटर शॉर्ट असताना दिलेला प्रत्येक रिसेट म्हणजे आयजीबीटीवर नवा तडाखा. पहिल्या ट्रिपला वाचलेला ड्राइव्ह सहाव्या-सातव्या रिसेटला फुटतो. डिस्प्लेवरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा. फॅक्टरी रिसेट तर नकोच, त्यात तुमची सेटिंग जाते आणि बऱ्याच मॉडेलांत जुन्या ट्रिपची नोंदही पुसली जाते. मग आम्ही अंधारात चाचपडतो आणि दोन दिवसांचं काम चार दिवसांवर जातं.

मोटर सुरू करायच्या जुन्या स्टार-डेल्टा पॅनलवर ड्राइव्ह बसवला असेल, तर मोटरच्या बाजूचा पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर काढलाय का बघा. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर अजिबात चालत नाही. हायड्रोचा (ओलं कापड पिळायच्या मशीनचा) ड्राइव्ह थांबताना ओव्हरव्होल्टेज दाखवत असेल, तर ड्राइव्ह बिघडलेला नसतो. फिरत्या जड टोपलीमुळे मोटर जनरेटर बनते आणि डीसी व्होल्टेज आठशेच्या आसपास चढतं. थांबण्याचा वेळ वाढवा, घाई असेल तर ही जादा वीज उष्णतेत घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा. तो आमच्याकडे मिळतो. सायझिंगवाल्यांनी (सुताला खळ लावणाऱ्यांनी) हीटसिंकमधली रुई दर आठवड्याला कोरड्या हवेनं उडवावी.

आम्ही बिलावर मोटरचं मेगर रीडिंग लिहून मागतो, यावर काही जण रागावतात. पण त्या आकड्याशिवाय तीन महिन्यांची वॉरंटी देणं आम्हाला परवडत नाही. एका आयजीबीटी मॉड्यूलची किंमत बिलात बघितलीच असेल. मोटर सोबत आणलीत तर ती आम्ही फुकट तपासून देतो. केबल ५० मीटरच्या पुढे आणि मोटर जुनी असेल, तर ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये लावायचा आउटपुट चोक सुचवतो. बाकीच्यांना तो उगाच विकत नाही.

ड्राइव्ह एसटी पार्सलनं पाठवत असाल तर कीपॅड काढून वेगळा गुंडाळा, आणि कोडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच टाका, म्हणजे पार्सल पोचेपर्यंत पार्ट बघून ठेवता येतो.