मॉडेल किटमधील साहित्याची ओळख

जुळणीच्या प्रतिकृतींचे सुटे भाग कशाचे बनले आहेत हे पारखण्याची रीत. कोणता गोंद लावायचा ते यावरच ठरते. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कारखान्यात मिग-21 विमाने बनली, त्यामुळे नाशिककराला या विमानाची प्रतिकृती जवळची वाटते. पण एकाच मिगच्या खोक्यात राखाडी पॉलिस्टायरीन, राखाडी रेझिन आणि पितळी पत्रा असे तिन्ही निघू शकतात. रंगावर जाल तर फसाल.

बहुतेक किट पॉलिस्टायरीनचे असते. भाग ज्या चौकटीला चिकटून येतात त्या स्प्रूचा तुकडा फरशीवर टाकला की टणत्कार होतो. वाकवला की घडीवर पांढरा पडून तुटतो. प्लॅस्टिक सिमेंट त्याला विरघळवून सांधते, म्हणजे खरे तर ते चिकटवणे नसून वितळवून जोडणे होय. रेझिन या सिमेंटला दाद देत नाही. त्याला फेविक्विकसारखा गोंद किंवा इपॉक्सी लागते. साच्यात ओतून केलेले असल्याने त्यात बारीक बुडबुडे दिसतात. घासताना पाणी लावावे. त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये.

शंका असल्यास पेलाभर पाणी घ्यावे. बोटांनी चोळून बुडबुडे घालवलेला तुकडा तरंगला, तर तो पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन. यावर साधा गोंद टिकत नाही, रंगही सोलून येतो. पॉलिस्टायरीन बुडते. मग त्याच पाण्यात चार-पाच चमचे मीठ विरघळवावे. पॉलिस्टायरीन आणि एबीएस (एक चिवट प्लॅस्टिक) वर येतात, मऊ व्हिनाइल तळाशीच राहते. रेझिनचा निकाल मात्र या परीक्षेने लागत नाही. काही जपानी किटांच्या स्प्रूवर पीएस (पॉलिस्टायरीन), एबीएस, पीई (पॉलिथिलीन) अशी अक्षरेच कोरलेली असतात. तिथे पेल्याची गरज नाही. जाळून पाहण्याची जुनी युक्ती घरात करू नये: व्हिनाइलचा धूर विषारी असतो.

कोणतीही परीक्षा स्प्रूवर करावी, भागावर कधीच नाही.

पितळी पत्रा ओळखायला काहीच लागत नाही, वळवायला लागते. तो ताठ असतो, वळवताना उसळी घेतो. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर क्षणभर तापवला की नरम पडतो आणि कॉकपिटच्या कडेला हवा तसा बसतो. पत्रा ठोकण्याआधी भट्टीत तापवणाऱ्या तांबटाला यात नवल वाटणार नाही.